प्रेक्षकांकडे पाठ

आभाने या वेळी हेडफोनमध्ये कसलाच आवाज पाठवला नव्हता. तरीही काचेपलीकडे बसलेल्या बालिंतने ऐकू आल्याची खूण म्हणून हातातलं बटण दाबलं आणि तिच्या यंत्रावरचा हिरवा दिवा लागला.

ती थांबून राहिली. दिवा पुन्हा लागला. थोडं थांबून पुन्हा. कानांवर जाडजूड हेडफोन, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर देवळात बसल्यासारखी एकाग्रता, आणि हा बाबा शांततेला दाद देत होता. ठरावीक अंतराने, एकदाही न चुकता.

"अरे देवा," आभा स्वतःशीच म्हणाली.

त्याला घेऊन आल्या होत्या रजनीबाई. म्हैसूरच्या गोकुलम भागात त्यांचं घर, आणि वरचा मजला योग शिकायला येणाऱ्या परदेशी लोकांना भाड्याने दिलेला. त्यांच्या सासरची माणसं म्हैसूरला कधी आली हे सासऱ्यांनाही धड सांगता यायचं नाही. घरात मराठी टिकली होती, पण कन्नडचा हात धरून चालायची. कान तपासायच्या नोकरीसाठी पुण्याहून आलेल्या आभाला सुरुवातीला त्याचं हसू यायचं. आता तिच्याही तोंडून अधूनमधून 'अय्यो' निघून जायचं, मग हसणार कुणाला?

"आभा, ह्याचे कान स्वल्प बघ की गं," सकाळी दारातूनच रजनीबाईंनी सुरुवात केली होती. "काल मोटर लावून मी देवळात गेले. येऊन बघते तर टाकी भरून सगळं पाणी अंगणात! आणि हा कुठे? टाकीच्या बाजूलाच बसलाय, मांडीवर बोटं आपटत. मी खालून ओरडतेय, बाळू, अरे बाळू, मोटर बंद कर! ऊहूं. मला वाटलं, माणूस गेला की काय."

बाळू म्हणजे बालिंत. पन्नाशीला टेकलेला, केस मागे बांधलेले, दंडावर कसलीशी काळी वेल गोंदलेली. तो हसला होता. इंग्रजीत म्हणाला होता की पाठीसाठी योग करायला आलोय, कानांना काही झालेलं नाही. आयुष्यभर ड्रम वाजवल्यावर थोडी शिट्टी वाजतेच कानात. आणि इथली माणसं इंग्रजी फार गिळून बोलतात, त्यामुळे कळत नाही, एवढंच.

पहिल्या तपासणीत तो म्हणाला तसंच निघालं. कागदावर जवळजवळ सरळ रेघ, म्हणजे कान ठीक. आभाने त्याला तसंच घरी पाठवलं असतं. पण कपाटातून फाइल काढता काढता तिने मागे न वळता विचारलं, "कॉफी घेणार का?" आणि उत्तर आलं नाही. ती वळली. तो तिच्याचकडे बघत होता, पण डोळ्यांत नाही, ओठांकडे. तिने पुन्हा विचारलं तेव्हा लगेच 'हो' म्हणाला. मग तिने कॉफी राहू दिली आणि त्याला परत आत बसवलं.

चूक तिचीच होती. आवाज एका लयीत पाठवायचे नसतात, मधली अंतरं कमीजास्त करायची असतात, हे पहिल्याच वर्षी घोकून घेतात. पण रोज तेच ते केलं की बोटाला चाल पडते. हुणसूरहून बसने येणाऱ्या आजोबांच्या बाबतीत त्या चालीने काही बिघडत नव्हतं. इथे समोर ड्रमवाला होता. चारदोन आवाजांतच त्याने तिच्या बोटाची चाल उचलली आणि पुढचं सगळं नुसतं मोजून केलं.

तिने त्याला बाहेर बोलावलं आणि समोर बसवून सांगितलं. आभाला गोड बोलून वेळ काढणं जमत नसे. दवाखान्यात त्यावरून तिला बोलणीही बसायची.

"शेवटची काही मिनिटं मी आवाज पाठवलाच नाही. तुम्ही बटण दाबत होतात."

"नाही. मी ऐकलं."

"नाही ऐकलंत."

त्याचा चेहरा लाल झाला. त्याने रजनीबाईंकडे पाहिलं, जणू त्या साक्षीला होत्या. "मी खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "प्रत्येक आवाज मला ऐकू आला."

"आला असेल," आभा म्हणाली. "पण हेडफोनमधून नाही आला."

तिसऱ्या वेळी तिने सगळी अंतरं मोडून टाकली. कधी लगोलग, कधी इतक्या उशिरा की तिचाच जीव टांगणीला लागावा. थोड्या वेळाने बालिंतने डोळे उघडले. मग तो काचेतून तिच्या बोटांकडे बघायला लागला. तिने मध्ये फाइल उभी धरली, आणि धरताना तिला स्वतःचा रागच आला. पोराच्या हातातलं खेळणं काढून घ्यावं तसं वाटलं. हिरवा दिवा फार वेळा लागला नाही. कागदावरची रेघ घाटातल्या रस्त्यासारखी खाली उतरत गेली.

"कानाला मशीन लावलं तर माणसांचं बोलणं कळेल," तिने कागद त्याच्यासमोर ठेवला. "बऱ्यापैकी कळेल. पण ड्रम बंद करावे लागतील. वाजवत राहिलात तर जे उरलंय तेही जाईल."

"कधीपर्यंत बंद?"

"कायमचे."

त्याने कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "ऑगस्टमध्ये आमचा कार्यक्रम आहे."

रजनीबाईंना इंग्रजी पुरेसं कळत होतं. त्या उठल्या आणि कुणाला न विचारता खालच्या बेकरीतून तीन कॉफी घेऊन आल्या. त्यांना दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

कॉफी हातात धरून बालिंत बोलत राहिला. हंगेरीतलं मिश्कोल्त्स नावाचं पोलादाच्या कारखान्यांचं गाव. शाळेतली चार मुलं, त्यांच्यातल्या फेरेन्त्सच्या वडिलांचं तळघर, आणि तिथे सुरू झालेला बँड. नाव येगकूट, म्हणजे बर्फाची विहीर. वाजवायचे मेटल, म्हणजे कानठळ्या बसवणारं रॉक संगीत, पण सरळ चालीचं नाही. सात मात्रा, मग पाच, मध्येच अकरा. ताल धरून मान हलवायला गेलेला माणूस तिसऱ्या झटक्यालाच गोंधळून जायचा. पहिली ध्वनिमुद्रिका हंगेरियनमध्ये काढली, ती गावाने ऐकली. दुसरी कंपनीच्या आग्रहाने इंग्रजीत केली, ती कुणीच ऐकली नाही. तिसरीत एकच गाणं अठरा मिनिटांचं. कुठला रेडिओ वाजवणार, कपाळ! एकदा एका मोठ्या बँडच्या आधी वाजवायला मिळालं म्हणून महिनाभर जर्मनीभर फिरले, व्हॅनमध्येच झोपून. लोक तेव्हा बिअर घ्यायला बाहेर गेलेले असायचे. मग गाणारा मुलगा क्रूझवर नोकरीला गेला. कंपनी बुडाली. बालिंतची बायको सोडून गेली. फेरेन्त्स टायरच्या दुकानात लागला, हा शाळेच्या मुलांना ड्रम शिकवायला लागला. तरी दर गुरुवारी तळघरात जमत राहिले.

"आणि आता, एवढ्या वर्षांनी," तो म्हणाला, "एका मोठ्या महोत्सवात रात्रीची वेळ मिळाली आहे. आजवर आम्हाला भर दुपारी, उन्हात वाजवायला लावायचे. लोक टोपीखाली झोपलेले असायचे. या वेळी दिवे असतील."

रजनीबाईंनी पदराने डोळे टिपले. "मशीन घालून वाजवू दे की गं त्याला," त्या आभाला हळूच म्हणाल्या. "एकच दिवस. आमेले, मागाहून बंद करील."

"एकच दिवस नसतो काकू. त्याआधी रोजचा सराव असतो."

"तू पण ना. फार खरं बोलतेस."

आभाला ते लागलं. पण तिने कागद बदलला नाही, बदलता येण्यासारखा तो नव्हताच.

बालिंतने फोन काढला. "बघा," तो म्हणाला. "गेल्या हिवाळ्यातला कार्यक्रम. मला ऐकू येत नसेल तर मी असं वाजवू शकलो असतो का? तुम्हीच सांगा."

कुणीतरी मंचाच्या कडेला उभं राहून घेतलेला व्हिडिओ होता. आभाने आवाज वाढवला. गिटारचा दणका निघाला, रजनीबाईंनी दचकून कानांवर हात ठेवले. पडद्यावर बालिंत घामाने निथळत होता. वाजवत होता सुरेख. आभाला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण एवढं कळलं की हा माणूस कुठेही अडखळत नाही. तिला क्षणभर आपलाच कागद खोटा वाटला.

मग तिचं लक्ष दुसऱ्या माणसाकडे गेलं. टक्कल पडलेला, धिप्पाड, हातात बास गिटार. सगळे लोक एका बाजूला आणि याची त्यांच्याकडे पाठ. ड्रमच्या अगदी पुढ्यात उभा.

"हा कोण?"

"फेरेन्त्स." बालिंतने तोंड वाकडं केलं. "दोन-तीन वर्षांपासून हे नवीन खूळ. लोकांकडे तोंडच करत नाही. नेटवर लोक शिव्या घालतात, शिष्ट म्हणतात. मीही भांडलो त्याच्याशी. म्हटलं, लोक तिकीट काढून आलेत, तुझी पाठ बघायला नाही आले. चिडला नाही. हसला आणि म्हणाला, त्यांच्यापेक्षा तुझं थोबाड बरं आहे."

व्हिडिओ पुढे चालला होता. फेरेन्त्स मानेला हिसका देत होता, नुसती हौस म्हणून देतात त्यापेक्षा फार मोठा. आणि त्याचे ओठ हलत होते.

"हा गातो का?" आभाने विचारलं.

"फेरेन्त्स? छे. त्याला सूर नाही. तो कधीच..."

बालिंत थांबला. त्याने फोन जवळ घेतला, व्हिडिओ मागे नेला. पुन्हा पाहिला. मग तिसऱ्यांदा. आता तो स्वतःकडे बघत नव्हता. फेरेन्त्सच्या तोंडाकडे बघत होता, सकाळपासून आभाच्या तोंडाकडे बघत होता तसाच. त्याचेही ओठ हलायला लागले.

"एज्, केत्तो, हारोम," तो पुटपुटला. "नेज्, ओत, हात, हेत."

आभाला हंगेरियन येत नव्हतं. पण मोजणं कुठल्याही भाषेत मोजण्यासारखंच ऐकू येतं.

"हेत म्हणजे सात," बालिंत म्हणाला. "इथे सातानंतर पाच येतात. तो मला सांगतोय."

व्हिडिओ संपला, फोनवर काळा पडदा आला. बालिंतने दोन्ही तळहातांनी चेहरा दाबून धरला. रजनीबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, "अळबेडा, अळबेडा, रडू नको रे," म्हणत, कन्नडमधून मराठीत आणि मराठीतून पुन्हा कन्नडमध्ये. त्याला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं हे त्यांना माहीत होतं. आभालाही रडू येत होतं. ती खिडकी उघडायच्या निमित्ताने उठली.

"मी त्याला काय काय बोललो होतो," बालिंत चेहऱ्यावरचे हात न काढता म्हणाला. "सगळ्यांदेखत."

बऱ्याच वेळाने त्याने फोन लावला. तिकडे सकाळ होती. पडद्यावर फेरेन्त्स आला, अंगात डागाळलेला कामाचा डगला, मागे टायरची चळत. बालिंतला बघून तो तोंडभर हसला आणि काहीतरी थट्टेचं बोलला असावा. बालिंत हसला नाही. तो बोलायला लागला. बायकांना एक शब्द कळत नव्हता, पण त्याने कानाकडे बोट केलं, मग आभाकडे केलं, आणि मध्येच अंगठ्याने हवेत बटण दाबून दाखवलं. फेरेन्त्सच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं होतं, आवरायचं विसरल्यासारखं. मागून त्याला कुणी हाक मारली. त्याने मागे न बघता हाताने थांब म्हटलं.

शेवटी बालिंतने एक छोटंसं वाक्य म्हटलं.

फेरेन्त्सने फडक्याने हात पुसले. दोन्ही हात, बराच वेळ. मग फोन उचलून तोंडाच्या इतका जवळ धरला की पडद्यावर नुसते ओठ राहिले. एकेक शब्द सुटा करून, तोंड नीट उघडून, तो काहीतरी म्हणाला. असं बोलायची त्याला चांगली सवय झालेली दिसत होती.

बालिंतने फोन खाली केला.

"काय म्हणाला?" आभाने विचारलं. मग ती खिडकीशी होती हे तिच्या ध्यानात आलं. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि पुन्हा विचारलं.

"मी त्याला सांगितलं, ऑगस्टसाठी दुसरा ड्रमर घ्या," तो म्हणाला. "आणि तू आता लोकांकडे तोंड करून वाजव. मजेत वाजव."

"मग?"

"तो विचारतोय, मी बघू कुणाकडे?"