गुलाबांपायी गेलेला तारा

मित्रांनो, काचेला नाक लावून बघताय ते पिंप नव्हे. मी एक जुना अवरक्त कॅमेरा आहे. पाटीवर 'आमचा अभिमान' असं लिहिलंय. अभिमान कसला, डोंबल!

माझं अंग अंधेरीच्या एमआयडीसीत घडलं आणि मी घाटकोपरच्या या कॉलेजात आलो. गच्चीवरच्या दुर्बिणीला मला जोडायचे. थंड, तांबडे, म्हातारे तारे आपल्याभोवती वायू आणि धुरळा उधळत असतात. तो धुरळा ताऱ्याच्या उजेडाने तापतो. त्याची ऊब डोळ्यांना दिसत नाही, ती मी मोजायचो. पण त्यासाठी आधी मला गार व्हावं लागे. स्वतःच्या तापलेल्या हाताला दुसऱ्याचा ताप कळतो का? म्हणून प्रयोगशाळेतला दत्ताराम माझ्या पोटात बर्फाहून कितीतरी थंड असा द्रव नायट्रोजन ओतायचा.

गंधाली पीएचडीसाठी वर्षानुवर्षं एकाच ताऱ्यामागे होती. एका फेब्रुवारीत त्याची ऊब एकदम चढली. नवा धुरळा निघाला होता! पोरगी गच्चीवर नाचली. पण एका मोजणीवर कोण विश्वास ठेवणार? दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा मोजायचं होतं. त्यानंतर तारा सूर्याच्या झळाळीत बुडणार, आणि मग पावसाळा.

नेमका त्याच दुपारी विज्ञान दिनाचा कार्यक्रम. विभागप्रमुख राजेश सरांनी नायट्रोजनची टाकी खाली हॉलमध्ये मागवली.

"सर, एवढाच उरलाय. संध्याकाळी कॅमेऱ्याला लागेल," दत्ताराम म्हणाला.

"अरे, तारा काय पळून चाललाय?"

"हो सर, पळूनच चाललाय!" गंधाली कळवळून म्हणाली. "आज नाही तर थेट पावसाळ्यानंतर."

"मग तेव्हा बघ ना. पाहुणे काय रोज येतात?"

खाली नायट्रोजनमध्ये बुडवून काचेसारखे कडक केलेले गुलाब आपटून फोडले. पांढरा धूर पसरला. तुमच्यासारख्याच पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. संध्याकाळी गंधालीने तरीही मला दुर्बिणीला लावलं. मी तापलेला; ताऱ्याऐवजी माझीच ऊब मला दिसत होती. ती माझ्यावर डोकं टेकून रडली, आणि मला काहीच करता आलं नाही.

पावसाळा सरला तोवर ताऱ्याची ऊब ओसरली होती. परीक्षकांनी लिहिलं, 'तो आकडा कॅमेऱ्याच्या बिघाडाचा असावा.' बिघाडाचा! खरं पाहिलं मी, आणि खोटाही मीच ठरलो. गंधाली वांद्र्याच्या एका ऑफिसात लागली. ताऱ्यांचं नावही काढत नाही, असं दत्ताराम सांगतो. राजेश सरांचा पाहुण्यांसोबतचा फोटो मात्र माझ्या शेजारी झळकतोय.

मित्रांनो, माझी काच पुसू नका, मला हार घालू नका. फक्त पुन्हा कोणी असा धूर दाखवला, तर टाळी वाजवण्याआधी एवढं विचारा: हा कुणाच्या तोंडचा घास काढून आणलाय?