कमळाकरचा दर्या

बारकीने काचेवर चढणारी तिसरी गोगलगाय बोटाने हलकेच खाली ढकलली. ती वाळूवर उलटी पडली, कशीबशी सरळ झाली आणि पुन्हा काचेकडेच निघाली. बाकीच्या दोन आधीच पाण्याबाहेर येऊन टाकीच्या काठाला घट्ट चिकटून बसल्या होत्या.

बारकीचा ओला हात तसाच हवेत राहिला. हे तिने आधी पाहिलं होतं. लहानपणी डोळखांबच्या ओढ्यात बाप गेळाची फळं ठेचून डोहात टाकायचा. मासे गुंगून वर यायला वेळ लागायचा, पण त्याच्याही आधी गोगलगायी पाणी सोडून दगडांवर चढायच्या. पाणी बिघडलं की त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं.

तिने टाकीच्या मधोमध पाहिलं. दगडावर वाढलेला नारिंगी स्पंज, हाताच्या पंजाएवढा समुद्रातला जीव, शेंड्याकडे फिकट पडला होता. काल तसा नव्हता.

ही टाकी तिची नव्हती, कमळाकरची होती. मुंबईतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत समुद्री जीवांच्या टाक्या सांभाळण्यात त्याची तीस वर्षं गेली. निवृत्तीच्या दिवशी तिथल्या जुन्या प्राध्यापक नम्रताबाई मुद्दाम भेटायला आल्या आणि त्यांनी त्याला या स्पंजचा तुकडा दिला, सोबत समुद्रातली हिरवी-लाल शेवाळं आणि तीन गोगलगायीही दिल्या. दुसऱ्या कुणी तो तुकडा आठवणीसाठी बाटलीत घालून ठेवला असता. कमळाकरने शहापूर तालुक्यातल्या आपल्या घराच्या ओटीवर दोन फुटी काचेची टाकी मांडली, मीठ कालवून समुद्राचं पाणी केलं आणि घाटाच्या पायथ्याशी समुद्र पाळायला लागला. गाव त्याला ‘कमळाकरचा दर्या’ म्हणून हसायचं. एवढा खटाटोप करून पाळलं काय, तर शेवाळ! ते तर प्रत्येकाच्या विहिरीला फुकट होतं. येणारा जाणारा एकदा तरी विचारायचाच, "हे खायचं असतं काय?" वाडीवरून शेतावर कामाला येणारी बारकी मात्र तासभर टाकीसमोर बसली होती आणि तिने विचारलं होतं, "दादा, हा काय खातो?"

म्हणूनच हृदयाच्या ऑपरेशनला कल्याणला जाताना त्याने घराची किल्ली तिच्याकडे दिली. समोरच भावकी राहत असताना किल्ली वाडीवरच्या बाईकडे गेली, हे भावकीला बरंच झोंबलं. बारकीला चाळिशी उलटेपर्यंत कुणी आपल्या घराची किल्ली दिली नव्हती. तिने ती काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आणि अंघोळीलाही काढली नाही.

कमळाकरने तिला नीट पढवून ठेवलं होतं. काचेवर काळ्या पट्टीची खूण आहे, पाणी त्याच्या खाली गेलं की कॅनमधलं साधं पाणी घालायचं. मीठ घालायचं नाही, कारण उडून जातं ते पाणी, मीठ टाकीतच राहतं. विहिरीचं पाणी नको, पंचायत त्यात पावडर टाकते. मागच्या पडवीतल्या निळ्या पिंपात मीठ कालवलेलं पाणी आहे, त्याला हात लावायचा नाही. आणि स्पंज कधीही पाण्याबाहेर काढायचा नाही. त्याच्या भोकांत एकदा हवा शिरली की तो आतून मरतो.

तिने सगळं पाळलं. पण डॉक्टरांनी कमळाकरला चार दिवस जास्त ठेवून घेतलं, उन्हाने टाकीतलं पाणी भराभर उडालं आणि दहाव्या दिवशी कॅन रिकामा झाला. विहिरीला पावडरीचा वास येत होता. मग बारकीने आपल्या घरातलं सगळ्यात चांगलं पाणी आणायचं ठरवलं. वाडीमागच्या झऱ्याचं पाणी भरलं, रात्रभर निवळू दिलं, दोनदा गाळलं आणि सकाळी डोक्यावरून अर्धा कोस चालत आणलं. असं तिने तीन दिवस केलं.

आणि आता गोगलगायी पाणी सोडून चालल्या होत्या.

तिने पदराला हात पुसून सरिताला, कमळाकरच्या बायकोला, फोन लावला.

"वैनी, टाकीचं पाणी बिघडलं गो. दादाला इचारा ना, काय करू?"

"त्यांना आता काय इचारू?" सरिता दबक्या आवाजात म्हणाली. "डॉक्टर म्हनले, टेन्शनचं काय सांगू नका. मरंना तो स्पंज, बारके. तू नको जिवाला लावून घेऊ."

"असं नका म्हनू वैनी."

"मानूस वाचला ना माझा. मग?"

फोन ठेवून ती टाकीसमोर बसली. स्पंज मेला तर कमळाकर तिला काही बोलणार नाही, हे तिला ठाऊक होतं. भावकी मात्र बोलेल, वर्षभर बोलेल: म्हणून किल्ली द्यायची नसते. पण खरं सांगायचं तर तिला त्याहून जास्त भीती वेगळीच होती. ऑपरेशन होऊन आलेला माणूस ओटीवर पाय ठेवील आणि आधी टाकीकडे बघेल. तेव्हाचा त्याचा चेहरा तिला बघायचा नव्हता.

बापाचा डोह तिला पुन्हा आठवला. मासे धरून झाले की बाप डोहाचा बांध फोडायचा, वरचं पाणी आत घ्यायचा, खालचं सोडून द्यायचा. राहिलेलं तरी जगू दे, म्हणायचा.

ती उठली आणि निळ्या पिंपाचं झाकण काढलं.

आधी तिने प्लास्टिकचा टब पिंपातल्या खाऱ्या पाण्याने भरला. मग एक डबा टाकीत बुडवला, पाण्याखालीच स्पंजचा दगड त्यात सरकवला, डबा काठोकाठ भरलेला तसाच उचलला आणि टबात बुडवून मोकळा केला. स्पंजला वारा लागला नाही. गोगलगायी आणि शेवाळं त्याच्या मागोमाग गेली. मग तिने टाकीतलं पाणी लोट्यालोट्याने काढून अंगणात फेकलं आणि पिंपातलं भरलं. दुपारपर्यंत टबातलं पाणी दोनदा बदललं. पिंपाच्या तळाशी हात टेकला तेव्हा तिची पाठ मोडून आली होती. संध्याकाळी स्पंज पुन्हा टाकीत आला. एक गोगलगाय मेली होती. दोन वाळूवर चालत होत्या, आणि काचेकडे जात नव्हत्या.

बारकी त्या दोघींकडे बघून रडली. घरात कुणी नव्हतं, त्यामुळे मनसोक्त रडली. टाकीला लागणारं साधं पाणी तिने दुसऱ्या दिवशी दुकानातल्या बाटल्यांतून आणलं, झऱ्याकडे काही ती गेली नाही.

तिसऱ्या दिवशी आसनगाव स्टेशनवरून रिक्षा आली. सरिताचा हात धरून कमळाकर सावकाश उतरला. अर्धा झाला होता, शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. बारकी दारातच उभी होती.

"दादा, आदी ऐका. मग आत या."

"अगो, चपला तरी काढू दे."

"स्पंज अर्धा गेला. माझ्यानं गेला. कॅन संपला, मंग मी माझ्याकडचं पानी घातलं. तीन दिवस. पिंपाला पन हात लावला मी, तुमी नाय म्हनलेलाव तरी. एक गोगलगाय मेली."

एका दमात बोलून तिने गळ्यातली किल्ली काढली आणि पुढे धरली. कमळाकरने ती घेतली नाही. तो टाकीपाशी जाऊन खुर्चीवर टेकला आणि काचेतून आत बघू लागला. स्पंजचा वरचा भाग राखाडी झाला होता. खालचा नारिंगी होता, आणि त्याची बारीक तोंडं उघडी होती.

"कुठलं पाणी घातलंस?"

"झऱ्याचं. आमी तेच पितो. चांगलं हाय."

"आणलंस कशात?"

"माझ्या तांब्याच्या हंड्यात. आईनं दिलेला हाय. चांगला चिंचेनं घासून घेतला, मंग रातभर पानी ठेवलं. तांब्यातलं पानी चांगलं म्हनून."

कमळाकरने डोळे मिटले. सरिता घाबरून पुढे आली, पण त्याने हातानेच तिला थांबवलं.

"झऱ्याचं काय चुकलं नाय," तो म्हणाला. "तांबं उतरलं पाण्यात. माणसाला चालतं, या जिवांना नाय चालत."

बारकीने तोंडावर हात घेतला.

"ऐक. मी नोकरीला लागून तीन महिने झालेले. नम्रताबाईंच्या टाकीत तीन वर्षं वाढवलेले स्पंज होते. बाई चार दिवस बाहेरगावी गेल्या. नळाचं पाणी घालू नको, एवढंच सांगून गेल्या. मी घरनं पाणी न्यायला लागलो. आई भरून द्यायची, तांब्याच्या कळशीतलं."

"मंग?"

"सगळे मेले."

"बाई काय बोलल्या?"

"मला? काय नाय. त्या म्हणाल्या, मीच मीठ चुकीचं कालवलं असणार. वरच्या साहेबांना तसं लिहूनपण दिलं. तीन वर्षांचं काम बुडालं त्यांचं. तांब्याचं मला कळलं महिन्याभरानं. नोकरी नवी होती, नाय सांगितलं. मग राहूनच गेलं."

"मला पन नाय सांगितलंत कधी," सरिता म्हणाली.

"हा तुकडा देताना बाई काय म्हणाल्या ठाऊक हाय? कमळाकर, तुझ्या हातून कधी काही मेलं नाही." तो हसायला गेला, पण छातीवरचे टाके दुखले म्हणून थांबला. "बारके, तू वाचवलंस त्याचे उपकार हायतच. पण तू दारातच सांगितलंस गो. मला चपला काढू दिल्या नाहीस."

त्याने खिशातून फोन काढला. सरिता म्हणाली, आधी झोपा, उद्या करा. त्याने ऐकलं नाही. पलीकडे फोन उचलला गेला तसा तो खुर्चीत सरळ बसला, तीस वर्षं साहेबांसमोर बसायचा तसा.

"बाई, कमळाकर बोलतोय... हो, आलो घरी. बरा आहे... बाई, एक सांगायचं होतं. तुमची ती पहिली टाकी गेली ना... ती माझ्यामुळे गेली. मी घरनं तांब्यातलं पाणी आणून घालत होतो... हो. मीच... नाही बाई. मीठ तुमचं बरोबर होतं. तेव्हाही बरोबरच होतं."

मग तो नुसता ऐकत राहिला. बारकीला पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. कमळाकरचे डोळे मात्र भरून वाहत होते आणि तो ते पुसत नव्हता. मध्येच त्याने तिच्याकडे बघितलं, "वाडीवर राहते आमच्या, बारकी नाव," असं काहीसं म्हणाला आणि फोन तिच्यासमोर धरला.

"घे. बाईंना तुझ्याशी बोलायचंय."

बारकीने पदराला हात पुसले आणि दोन्ही हातांनी फोन कानाला लावला. पलीकडे कुणीतरी म्हातारं माणूस श्वास घेत होतं, बोलायला शब्द जुळवत होतं.

"बाई," ती शेवटी म्हणाली, "जेवलाव काय तुमी?"