आईच्या नावावर

पेन्सिलीची बारीकशी फुली — दरवर्षी अशीच, कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, जयवंतच्या हातची. फुली दिसली की तिथं सही करायची, वरचं वाचायच्या भानगडीत पडायचं नाही, एवढं तुळसाला ठाऊक होतं. पण आज कागद एकच होता, आणि तोही स्टॅम्पचा.

एरवी मार्च आला की जयवंत पिशवीभर कागद आणायचा. फोर्टातल्या कचेरीत तो साहेब. पगारातलं थोडं आईला द्यायचं, आईच्या नावावर गुंतवायचं, म्हणजे व्याजावरचा कर वाचतो, असं त्यानं तिला, आपल्या आईला, एकदा समजावलं होतं... कर कुणाचा, वाचतो कसा, ते सगळं तिच्या डोक्यावरून गेलं. डोक्यात राहिलं ते एवढंच की मार्चमध्ये मुलगा बोरिवलीहून येतो. गणपतीत येईल न येईल, मार्चमध्ये येतोच. हसू येतं सांगताना — चाळीतल्या बाया शिमग्याला गावी जायची वाट बघतात, आणि मी सरकारच्या कराची!

"आये, हे मुखत्यारपत्र," जयवंत म्हणाला. "एकदा सही केलीस की तुझ्या नावावरचं सगळं मीच बघेन. दिवस बरे नाहीत. दिल्लीत सरकार कसं पडलं बघितलंस ना? बाजार कधी उलटेल सांगता येत नाही, पैसे लगेच हलवावे लागतात. तुला दर वेळी त्रास नको."

त्रास! तिला त्या शब्दाचा रागच आला. पण राग तरी कुणावर धरायचा... गिरण्यांच्या संपात याच खोलीत तिचा नवरा, धर्मा, दर महिन्याला म्हणायचा, "गिरणी खंय जातली? पुढच्या म्हयन्यात सुरू होतली!" — म्हणत म्हणत घरातलं होतं नव्हतं ते संपलं, शेजारच्या खोल्यांना कुलपं लागली, धर्मा गावी गेला आणि तिथंच वारला. तेव्हापासून जयवंत कशावरच भरवसा ठेवत नाही. त्याचं चुकतं असं नाही, भीती वाटते त्याला. पण मला वाटते तिचं काय? सही झाली की तो यायचा थांबेल. मुद्दाम नव्हे, वाईटपणानं तर नव्हेच — फक्त यायला कारण उरणार नाही.

तिनं पेन खाली ठेवलं.

"हात दुकता रे माजो. आज जमाचा नाय."

खोटं. धडधडीत खोटं — सकाळी याच हातानं तिनं त्याच्यासाठी नारळ खवला होता. आता हा चिडणार... जयवंतनं घड्याळ बघितलंही. मग कागद बाजूला सारला आणि तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"खंय दुकता?" घरची बोली त्याच्या तोंडी फार दिवसांनी आली. मनगट अंगठ्यानं दाबत त्यानं विचारलं, "हय?"

"होय."

"आणि हय?"

"होय..."

धर्मा गेल्यापासून तिच्या अंगाला असा कुणाचा हात लागला नव्हता. जयवंत दाबत दाबत कोपरापर्यंत आला, खांद्यापर्यंत आला, आणि तो विचारील तिथं ती होय म्हणत राहिली. आपण खोटं बोलतो आहोत असं आता तिला कुठंच वाटेना.