मोगल कोण होणार

मातीच्या हत्तीची सोंड पुन्हा गळून पडली, तेव्हा रावजींना चांगूचं पत्र आठवलं.

उन्हाळ्यात भांडुपहून आलं होतं ते. ‘या दिवाळीला गावी येईन म्हणतो. अंगणात गड बांधू. दोन्ही फौजा तू बनव, तुझा हात बरा होता. आणि या वेळी मोगल मी होईन. माझी हरकत नाही.’ एवढंच. रावजींना काय लिहावं ते सुचलं नाही, जे सुचलं ते बरं वाटलं नाही. मग आधी फौज जमते का ते पाहू, जमली तर लिहू, असं त्यांनी ठरवलं. पावसाळा संपला, शेतात भात पिवळं पडलं, तरी उत्तर गेलं नव्हतं.

लहानपणी दोघांचा दिवाळीतला गड नुसता बघायचा नसे, त्यावर लढाई होई. सावित्री नदीच्या काठची चिकणमाती तूस घालून मळायची, बोटाएवढे शिपाई करायचे, त्यांच्या हाती झाडूच्या हिरांचे भाले द्यायचे. मग रेषेबाहेर बसून गोटी मारायची. आडवा पडला तो मेला. नियम सरळ होते, अडचण एकच. रायगडाच्या एवढ्या जवळ राहणाऱ्या कुठल्या पोराला मोगल व्हायचं असणार? चिठ्ठ्या टाकल्या जात आणि ज्याच्या वाट्याला मोगल येत तो रुसून बसे. मोगल करायचेही उरलेल्या मातीचे. ना हात, ना पागोटं, नुसते गोळे. शेवटच्या वर्षी तर दोघांनीही मावळेच करून आणले. समोरासमोर दोन गड, दोन्हींवर भगवे. माघार कोणी घेईना. शेवटी गोट्या खिशात घालून दोघे आपापल्या घरी गेले. पुढच्या दिवाळीला चांगू मुंबईत होता.

“अवो, कालच सारवली ना पडवी?” तुळसा दारातून म्हणाली. “चिखल करून ठेवला नुसता.”

“वाळला की झाडतो मी.”

“त्यापेक्षा फोन लावा ना त्यांना. नंबर हाय पत्रात.”

“फोनवर मला बोलायला सुचत नाही.”

“लग्न झाल्यापासून माझ्यासमोरपन कुठं सुचतंय तुम्हाला?”

रावजी हसले आणि सोंड पुन्हा चिकटवू लागले. तेवढ्यात शेजारची बनुबाई, चांगूची भावजय, विरजण मागायला आली. पडवीत मांडलेले शिपाई बघून ती थबकली.

“ह्ये काय, भावजींसाठी करताव? ते तर येनार नायत.”

“येणार नाही?” रावजींनी मान वर केली.

“काल फोन झाला. घर झाडून ठेवू का म्हनून इचारलं, तर म्हनाले, राहू दे. गावाला माझी वाट कोन बघतंय?”

ती विरजण घेऊन गेली. रावजी बराच वेळ हाताची माती पुसत राहिले. माती केव्हाच निघाली होती.

मावळे आधीच झाले होते. राहिले होते मोगल. चांगू आला, तर ते त्याच्या हाती द्यायचे होते. इतक्या वर्षांनी येणाऱ्या माणसापुढे गोळे कसे ठेवायचे? रावजींनी चष्मा पुसला आणि प्रत्येकाला पागोटं घातलं. कमरेला शेला बांधला. सुईने मिश्या कोरल्या. तुळसाच्या जुन्या खणाचा तुकडा कापून सरदाराचा तंबू उभा केला. सोंडेत तार घातली, तेव्हा ती एकदाची राहिली. हत्तीवर अंबारी चढली. अंबारीतल्या सरदाराची एक भुवई जरा वर गेली होती, ती त्यांनी तशीच ठेवली.

चहा घेऊन आलेली तुळसा खाली वाकली.

“हे कोन?”

“मोगल.”

“आनि ते तिकडचे?”

“आपले मावळे.”

“अगो बाई! आपले उपाशी असल्यासारखे दिसतात, आनि हे बघा कसे लगीनघरातून उठून आल्यासारखे.” तिने बोटाच्या टोकाने हत्तीच्या पाठीला हात लावला. “हे चांगूभावजींना देनार?”

रावजींनी हत्ती थोडा आपल्या बाजूला सरकवला.

चहा तसाच निवत राहिला. ते आत गेले आणि पोस्टकार्ड घेऊन बसले. एरवी दोन ओळींसाठी चार कागद फाडणारे रावजी या वेळी एका दमात लिहून मोकळे झाले. ‘दोन्ही फौजा तयार आहेत. मोगल मी घेतले. गड तुझा. ये.’

तुळसाला सांगून ते मिळाली त्या एसटीने पोलादपूरला गेले. पेटीत कार्ड अर्धं सरकवलं आणि त्यांचा हात थांबला. तब्येतीची चौकशी राहिली होती. नुसतं ‘ये’ फार तुटक वाटेल का? ‘मोगल मी घेतले’ हे चांगूला पटेल का? आणि गड एवढ्या सहज सोडून दिला म्हणून तो काय समजेल?

मागे एक बाई पाकीट घेऊन उभी होती. तिने वाट पाहिली, मग चप्पल वाजवली.

“काका, टाकताय का मी ढकलू?”

“टाकतो, टाकतो,” रावजी म्हणाले आणि त्यांनी बोटं सोडली.