झऱ्याच्या गल्लीचं पाणी

वालब्राक आणि शाम्पेझ ही दोन शेजारची गावं एकत्र झाली आणि नव्या पालिकेचं नाव ठरलं 'हिरवी दरी'. दरी दोन्ही गावांत नव्हती, पण त्या नावावर कुणाला भांडता येईना म्हणून तेच मंजूर झालं. भांडण लागलं ते गल्लीवरून. दोन्हीकडे एकेक 'झऱ्याची गल्ली' होती. धुराडं पेटलं वालब्राकला आणि आगीची गाडी जाऊन उभी राहिली शाम्पेझला. मग ठरलं, ज्या झऱ्याला पाणी असेल त्या गल्लीचं नाव राहील, दुसरीनं ते बदलावं.

वालब्राकच्या माजी मेयर ओनोरीनबाईंना ही अट परवडणारी नव्हती. शाम्पेझचा झरा बारमाही वाहायचा. वालब्राकचा कैक वर्षं कोरडा ठणठणीत. पण त्याची दगडी कुंडी बाईंच्या वडिलांनी छिन्नीनं घडवली होती आणि गावात त्यांची तेवढीच खूण उरली होती. नाव गेलं की कुंडीत फुलझाडं लावणार, हे बाईंना दिसत होतं.

सभेत शाम्पेझचे माजी मेयर अनातोल मिशीतल्या मिशीत हसले. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, मादाम?"

"मंगळवारी येऊन तर बघा," बाई म्हणाल्या. बोलून गेल्या आणि मग घाबरल्या.

मंगळवारी पालिकेची समिती आली तर कुंडीत पाणी पडत होतं. कुंडीमागं बाईंच्याच स्वयंपाकघराची भिंत होती आणि कोबीला पाणी घालायचा पाइप त्या भिंतीतून तोटीत शिरला होता, पण समितीनं तोटीचं फक्त तोंड पाहिलं. अनातोल मात्र ओंजळभर पाणी प्याले आणि घोट तोंडात घोळवत राहिले. बाईंचा जीव टांगणीला लागला. वालब्राकच्या नळांना पाणी येतं ते शाम्पेझच्या टेकडीवरच्या टाकीतून, आणि वाइन नसेल तेव्हा अनातोल जन्मभर तेच पीत आलेले.

"चांगलं आहे. ओळखीचं वाटतं," ते एवढंच म्हणाले.

दोन्ही झरे वाहते निघाल्यानं मतं घ्यावी लागली, आणि अनातोलांचा हात चक्क वालब्राकसाठी वर गेला. शाम्पेझच्या गल्लीचं नाव 'मैत्रीची गल्ली' झालं. त्या गल्लीत अनातोलांशी कुणी बोलेनासं झालं.

बाई जिंकल्या खऱ्या, पण नळाला बांधल्या गेल्या. कुंडीवर लागलेल्या गल्लीच्या नव्या पाटीपाशी सायकलवाले थांबून बाटल्या भरत. सकाळी नळ सोडायचा, रात्री बंद करायचा. बहिणीकडे मुक्कामाला जायची सोय उरली नाही. झाकली मूठ होती, तीही रोज झाकावी लागत होती. अशात हिवाळ्याच्या तोंडाशी त्या पायरीवरून घसरल्या आणि खुबा मोडून दवाखान्यात पडल्या. खुब्यापेक्षा त्यांना कुंडीचा घोर लागला. कुंडी कोरडी पडणार, लबाडी उघडी होणार, आणि लोक नाव घेणार ते वडिलांचं.

काठी टेकत घरी परतल्या तेव्हा वळणावरच पाण्याचा आवाज आला. स्वयंपाकघराच्या दारात अनातोल बसले होते. किल्ली त्यांना पायपुसण्याखाली सापडली होती, जशी ती दोन्ही गावांत कुणालाही सापडली असती.

"पाइप गळत होता. बदलला," ते म्हणाले.

"माहीत होतं, तर त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमच्या वडिलांची कुंडी, आमचं पाणी. सगळ्या हिरव्या दरीत गावं एक झालेली मला तेवढ्या एकाच जागी दिसली, बाई."

ओनोरीनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हे मात्र वालब्राकचं," अनातोल म्हणाले.