समारंभाचा पोशाख

सुजौमधल्या ज्येष्ठांच्या शाळेत मियाओ आजींनी इंग्रजीच्या वर्गाला नाव घातलं, तेव्हा त्यांचं वय होतं एक्क्याऐंशी. बाकीचे लोक वेळ घालवायला यायचे. आजींना एक काम उरकायचं होतं: आपण गेल्यावर अंगावर काय घालायचं, हे कुणाला तरी सांगून ठेवायचं होतं.

खरं तर हे मुलाला सांगायचं. पण मेलबर्नला राहणारा जुनयी विषय निघाला की अपशकुन टळावा म्हणून फोनवरच थुंकायचा. "थू थू थू! आई, काय अभद्र बोलतेस? शंभरी गाठणार आहेस तू!" आणि फोन बंद. कपडे आजींनी तिथल्या रीतीप्रमाणे अधिक महिन्यात स्वतः शिवून ठेवले होते, अस्सल रेशमाचे, सात थर. सगळ्याच म्हाताऱ्या ठेवतात, त्यात काय एवढं? पण नवरा अचानक गेला. त्याचे शिवायचे राहिलेच होते. जुनयीनं हॉस्पिटलसमोरच्या दुकानातून पॉलिस्टरचा तयार जोड आणला. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. उभा जन्म शिवणकामात घालवलेल्या बाईचा नवरा असा गेला! आजींना ते अजून सलत होतं.

राहिली नात, एमी. ती तिकडेच वाढलेली, चिनी जेमतेम येणारी. शिवाय इंग्रजीत थुंकायची पद्धत नाही, असं आजींच्या कानावर आलं होतं.

त्या बुधवारी दुपारी वर्ग घेणाऱ्या छू बाईंनी फळ्यावर शब्द लिहिला, 'अटायर'. म्हणाल्या, "हा रोजच्या कपड्यांना वापरायचा नाही हं. लग्नकार्य, समारंभ, आमंत्रणपत्रिका, तिथे हा शोभतो. करा बघू एकेक वाक्य."

निवृत्त बसचालक रोंगकाका उठले. "माझा अटायर वॉशिंग मशीनमध्ये आहे."

"वॉशिंग मशीनमध्ये असतात ते नुसते कपडे, काका."

"मग माझ्याकडे हा प्रकारच नाही," म्हणून काका खाली बसले.

मियाओ आजी उठल्या. "माझा अटायर पेटीत आहे. रेशमी. सात थर. तो मी एकदाच घालणार."

शेजारच्या बाईंनी खुर्ची बोटभर लांब सरकवली. छू बाईंनी खडू खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"वाक्य बरोबर आहे, आजी," त्या म्हणाल्या. "शब्दही अगदी योग्य."

"रंग कोणता?" रोंगकाकांनी विचारलं.

"निळा."

"झकास."

घरी गेल्यावर आजींनी तेच वाक्य पेटीच्या फोटोसकट एमीला पाठवलं. लगोलग उत्तर आलं. "आजी, किती सुंदर! समारंभ कधी आहे? मी नक्की येणार!"

आजींनी चष्मा पुसला, शब्दकोश काढला आणि अर्ध्या तासात उत्तर लिहिलं. "तारीख ठरलेली नाही. पण तू ये. याला बटणं नाहीत, बंद आहेत. तुझ्या बाबाला ते बांधता येत नाहीत, आणि तो ऐकूनही घेत नाही. त्या दिवशी मला सांगता येणार नाही."

मग उत्तरच येईना. आजींनी भात खाल्ला, भांडी घासली, चारदा फोन पाहिला. शेवटी बापाचीच लेक, असं म्हणून त्यांनी फोन पालथा घातला. फार वाईट वाटलं त्यांना.

तेवढ्यात तो वाजला. पडद्यावर एमी होती, डोळे लालभडक, नाक पुसत असलेली. ती थुंकली नाही.

"आजी," ती मोडक्यातोडक्या चिनीत म्हणाली, "कसं बांधायचं? दाखव."

आजींनी पेटीतून सर्वांत आतला सदरा काढला, मांडीवर पसरला आणि हळूहळू एक बंद बांधून दाखवला. एमीनं आपल्या गाउनच्या पट्ट्यावर तसंच करून पाहिलं. मागून जुनयीचा आवाज आला, "कोणाशी बोलतेयस गं?"

"आजीशी," एमी म्हणाली. "शिकतेय."

आजींनी फोन डोळ्यांजवळ नेऊन तिची गाठ नीट पाहिली.

"ढिली आहे," त्या म्हणाल्या. "सोड. पुन्हा बांध."