बाणानंतरचे सहा तास

बाण सात चाळीसला सुटला, आणि मार्टा हाकोला मचाणावरून खाली उतरली तेव्हा आठ वाजले होते. मधली वीस मिनिटं ती खोडाला पाठ टेकून बसून होती. एल्मा आत्याची शिकवणच तशी होती. आधी घड्याळ बघायचं, मग हरीण ज्या झाडाशी दिसेनासं झालं ते झाड लक्षात ठेवायचं, आणि मग गप्प बसायचं.

बाण हरणाच्या मादीच्या आरपार जाऊन पाचोळ्यात रुतला होता. मार्टाने तो उचलून नाकाशी नेला. रक्त गडद, काळपट होतं. त्यात हिरवट कण आणि आंबूस वास. फुप्फुसातलं रक्त गुलाबी आणि फेसाळ असतं. हा बाण वीतभर मागे लागला होता.

गेल्या वर्षी तिने वडिलांना शब्द दिला होता: एक जरी जखमी हरीण हरवलं, तरी धनुष्य खुंटीला टांगीन आणि तुमची रायफल हातात घेईन. रेइनो हाकोला तेव्हा हसले नव्हते. त्यांनी हात पुढे केला होता.

केबिनमध्ये शेगडी पेटलेली होती. रेइनो रायफलीला तेल लावत होते. त्यांचा रायफलीचा हंगाम पंधरा तारखेला, म्हणजे अजून नऊ दिवसांनी, सुरू होणार होता. त्यांची मोठी बहीण एल्मा वेलदोड्याचा पाव कापत होती. मार्टाने बाण टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवला.

"लागला, पण मागे," ती म्हणाली.

आत्याने चष्मा चढवला, बाण खिडकीशी नेला, वास घेतला. "यकृताची कड आणि थोडं पोट. दोनच्या आधी कुणी हलायचं नाही."

"दोन?" रेइनोंनी फडकं खाली टाकलं. "अकराला बर्फ येतोय. आत्ताच रेडिओवर सांगितलं. मग रक्त काय फावड्याने शोधणार आहात का दोघी?"

"आत्ता गेलो तर ती उठेल. उठली की मैलभर जाईल. हात लावला नाही तर पहिल्यांदा जिथं बसेल तिथंच राहील."

"मी गोळी घालतो, चालत जातो, हरीण तिथंच पडलेलं असतं. सहा तास वाट बघायला लावणारं हत्यार कसलं हे?"

"तुझी गोळी बरी. तोंड मात्र तिच्याही आधी सुटतं," आत्या म्हणाली आणि पावाचा तुकडा त्यांच्यापुढे सरकवला.

मार्टाने खिशातली वही काढली. "बाबा, या महिन्यात बावीस यार्डांवरून पन्नास बाण मारले. पन्नासच्या पन्नास बशीएवढ्या निशाणाच्या आत."

"मग आज काय झालं?"

"बशी पाऊल टाकत नाही." तिने पेन्सिलीने आकडे मांडले. "बावीस यार्ड जायला बाणाला जवळजवळ पाव सेकंद लागतो. दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पोचतो. तेवढ्यात तिने एक पाऊल पुढे टाकलं. तुमची गोळी आवाजाच्या आधी पोचते. हे मी नाकारत नाही."

"झालं तर मग."

"एक विचारू? तुमची किती हरणं हरवली?"

"एकही नाही. चाळीस वर्षांत."

"आणि नेम किती चुकले?"

रेइनोंनी खांदे उडवले. "चुकले असतील दहाबारा."

"त्या दहाबारा वेळा, हरीण जिथं उभं होतं तिथं जाऊन पाहिलंत?"

रेइनोंनी फडकं उचलून पुन्हा रायफल पुसायला घेतली. आत्याने पहिल्यांदाच भावाकडे न बघता कॉफी ओतली.

"दीडशे यार्डांवर," मार्टा हळूच म्हणाली, "हरीण पळून गेलं की आपण म्हणतो, नेम चुकला. मी भांडत नाहीये, बाबा. मला खरंच माहीत करून घ्यायचंय."

"तुझं आधी शोध," ते म्हणाले. मग बाहेर जाऊन त्यांनी गरज नसताना लाकडं फोडली.

अकराला पाच मिनिटं कमी असताना पहिले कण आले. मार्टा खिडकीशी उभी राहून बघत होती. तिने बुटांच्या नाड्या बांधल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या. बाराला पायऱ्या पांढऱ्या झाल्या. रक्ताचा माग एकेक थेंब करून बुजत असणार, हे तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. दरवाजा चार पावलांवर होता.

"जायचं तर जा," आत्या म्हणाली. "बाण तुझा आहे."

मार्टाने बाणाकडे पाहिलं. माग बुजला तर मार्टाचं हरीण हरवेल आणि धनुष्य जाईल. उठवली तर त्या मादीला आणखी एक मैल मरत चालावं लागेल. तिने बूट काढून शेगडीशी ठेवले.

दोनला तिघंही निघाले. रेइनोंना कुणी बोलावलं नव्हतं. लक्षात ठेवलेल्या बर्चच्या झाडापाशी सगळं पांढरं, कोरं होतं. रक्ताच्या थेंबांवर खूण म्हणून ठेवायला आणलेले कागदाचे कपटे आत्याच्या खिशातच राहिले.

"बोल आता," रेइनो म्हणाले; पण आवाजात सकाळचा तोरा नव्हता.

मार्टा उतार बघत होती. पोटाला लागलेलं हरीण पाण्याकडे आणि आडोशाला जातं. खाली सदाहरित सीडरच्या झाडांची दलदल होती. झाडं इतकी दाट, की... ती थबकली.

"आत्या, तिथं बर्फ खाली पोचला नसेल!"

ती जवळजवळ धावतच उतरली. सीडरच्या फांद्यांनी सगळा बर्फ वरच्या वर धरला होता. खालची जमीन तपकिरी आणि कोरडी होती. तिघं हातभर अंतर ठेवून वाकून चालू लागले. दहा मिनिटांनी रेइनोंनी बोट वर केलं. शेवाळावर एक काळा थेंब. आत्याने त्यावर पहिला कपटा ठेवला.

अकराव्या कपट्याच्या पुढे मादी होती, पाय पोटाखाली घेऊन, मान वळवून. एकदाच बसली होती, तिथंच संपली होती.

मार्टा गुडघ्यांवर बसली. जबडा ताठला होता. मागचे पाय अजून वाकत होते. मेल्यावर ताठरपणा जबड्यापासून मागे सरकतो; त्यावरून, थंडी धरून, तिने वेळेचा अंदाज बांधला आणि वहीत लिहिलं: बावीस यार्ड. उभी होती, पाऊल टाकलं. सापडली. बाणानंतर जिवंत: अंदाजे दोन ते तीन तास.

"धनुष्य राहिलं तुझं," रेइनो म्हणाले.

"हो." ती शेवटची ओळ बघत राहिली. मग खाली आणखी एक लिहिली: पंधरा यार्डांच्या पुढे नाही. चरायला मान खाली असेल तरच.

रेइनोंनी ती ओळ वाचली. त्यांनी टोपी काढून बर्फ झटकला.

"पंधरा तारखेला माझ्याबरोबर चल," ते म्हणाले. "वही घेऊन. गोळी चुकली असं वाटलं, तरी हरीण उभं होतं त्या प्रत्येक जागी जायचं." टोपी परत घालून ते पुढे म्हणाले, "त्या जुन्या खाणीच्या उतारावर एक नर होता. सात वर्षं झाली. मागचा पाय जरासा ओढला त्याने. मला वाटलं, घसरला."

आत्याने सुरी काढून त्यांच्या हातात दिली. "आधी या मादीला साफ कर. अंधार पडायच्या आत वर न्यायचीय."